शंभराला किती पिते?

रोमानियातल्या आमच्या याश शहरात जून महिन्यात लिंडनची झाडं फुलली, की शहाण्या मुलींनी बसची वाट बघत उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या गोड वासाने डोकं हलकं होतं. त्यात पाऊस आला तर विचारूच नका.

स्मरांडा तशी शहाणी होती, पण तिच्याकडे गाडी नव्हती. हार्लाऊ गावातल्या औषधांच्या दुकानात ती फार्मसिस्ट होती आणि रोज बसने जाऊन येऊन तिचा जीव मेटाकुटीला यायचा. त्या संध्याकाळी ती बसमधून उतरली, पाऊस आडवा आला आणि ती समोरच्या काचेच्या चकचकीत दुकानात धावत शिरली. केस पिळून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे गाड्यांचं शोरूम आहे आणि आपण एका निळ्या गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या आहोत.

“ती हायब्रिड आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. “पेट्रोलवर चालते, विजेवर चालते. पण पाण्यावर नाही चालत.”

ती दचकून बाजूला झाली. समोर एक उंच तरुण उभा होता. कोटाच्या बाह्या मनगटाच्या वरच संपलेल्या, छातीवर नावाची पट्टी – युस्तिन. त्याने इकडे तिकडे पाहिलं, फडकं सापडेना, म्हणून सरळ स्वतःच्या टायने बॉनेटवरचं पाणी पुसलं. स्मरांडाला हसू आवरेना.

“मी गाडी घ्यायला नाही आले,” ती म्हणाली. “पाऊस थांबला की जाते.”

“बसा ना मग आत. गाडीच्या आत. पाऊस बघायला तीच चांगली जागा आहे.”

ती बसली. तोही शेजारच्या सीटवर येऊन बसला. काचेच्या भिंतीवरून पाणी वाहत होतं आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं, “शंभराला किती पिते?”

तो चमकला. असं टॅक्सीवाल्यांच्या भाषेत विचारणारी मुलगी त्याने पाहिली नव्हती बहुतेक. “शंभर किलोमीटरला साडेचार लिटर. शहरात.”

“आणि शहराबाहेर?”

“शहराबाहेर… तुम्हाला कशाला जायचंय शहराबाहेर?”

“हार्लाऊला, रोज नोकरीसाठी. पण ही साध्या पेट्रोलच्या गाडीपेक्षा चार हजार युरो महाग आहे. तिथे लिहिलंय. ते कशासाठी द्यायचे?”

“ब्रेक लावलात की वाया जाणारी ताकद बॅटरीत जमा होते. जितका ब्रेक लावाल तितकी वीज.”

“म्हणजे मी दिवसभर ब्रेक लावत बसू?”

“बसा ना. माझ्यासाठी… म्हणजे बॅटरीसाठी.” त्याचे कान हळूहळू लाल झाले. अगदी पाळीपासून वरपर्यंत. स्मरांडाने ते पाहिलं आणि तिला पावसाचा विसर पडला.

पाऊस थांबल्यावर तो दारापर्यंत आला. “एक विचारू? तू म्हटलं तर चालेल?”

“गाडीला?”

“नाही… तुम्हाला.”

“शनिवारी सांगते,” ती म्हणाली आणि डबकी चुकवत पळाली.

घरी जेवताना तिच्या तोंडून निघून गेलं, की शनिवारी एक हायब्रिड बघायला जायचंय. तिच्या वडिलांनी, नेकुलायने, लगेच चमचा खाली ठेवला. तीस वर्षं टॅक्सी चालवून निवृत्त झालेला माणूस तो. गाडीचं नाव काढलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं.

“कुठलं शोरूम? मी येतो.”

“नको बाबा. मी बघते ना माझं माझं.”

तिचा बापावर जीव होता, यात शंका नको. आई गेल्यावर त्यानेच तिच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या का असेनात. पण चारचौघांत तो बरोबर असला की ती कानकोंडी व्हायची. तो मोठ्याने बोलायचा, सगळ्यांशी घासाघीस करायचा. शनिवारी तिला ते नको होतं. शनिवारी तिला फक्त ते लाल कान हवे होते.

शनिवारी तिने पिवळा ड्रेस घातला. युस्तिनने कॉफी आणून दिली, दोघं निळ्या गाडीपाशी उभे राहिले.

“मग? तू चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली.

इतक्यात काचेचं दार उघडलं. डोक्यावर टोपी, ढगळ ट्रॅकपँट, पायात घरातल्या सपाता, कमरेला टॅक्सीच्या दिवसांतली चामड्याची छोटी बॅग, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बरणी. नेकुलाय! जुन्या टॅक्सीवाल्याला शोरूम शोधायला कितीसा वेळ लागणार? दाराशीच त्याने यंत्रातून कॉफी घेतली, उभ्याउभ्या संपवली आणि पहिल्याच गाडीचं दार उघडून धाडकन आपटून पाहिलं.

युस्तिन तिच्या कानाशी वाकला. “आले बघ. रोज एक तरी येतो असा. फुकटची कॉफी प्यायची, सगळी दारं आपटायची आणि घरी जायचं.”

आणि स्मरांडा हसली. मी तिची बाजू घेणार नाही, ती हसलीच.

“शंभराला किती पिते ही?” नेकुलाय लांबूनच ओरडला आणि हात पसरून त्यांच्याकडे यायला लागला.

“गंमत आहे!” युस्तिन म्हणाला. “तूही परवा अगदी हेच विचारलंस, याच शब्दांत. ओळखतेस का यांना?”

“नाही,” स्मरांडा म्हणाली.

तो शब्द नीट ऐकू जाईल इतक्या जवळ नेकुलाय आला होता. त्याचे पसरलेले हात क्षणभर तसेच राहिले. मग त्याने ते खाली घेतले, बरणी टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे पाहून मान लववली.

“नमस्कार, बाई. तुम्हीपण हीच बघताय वाटतं?”

तुम्ही! सत्तावीस वर्षांत बापाने तिला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. स्मरांडाच्या कानशिलांतून आग निघाली. आता बोलावं… आत्ता… पण तोवर बाप युस्तिनकडे वळला होता.

“माझ्या मुलीसाठी बघतोय,” नेकुलाय युस्तिनला सांगत होता. “हा मुरांबा तुमच्यासाठी. आंबट चेरीचा आहे, घरचा. भाव जरा बरा लावा.”

“मुलगी नाही आली?”

“तिला वेळ नसतो. फार कामात असते.” तो निळ्या गाडीभोवती फिरला. “समजा, मुलगी रोज मोकळ्या रस्त्याने लांब जात असेल. हिवाळ्यात, हीटर लावून. तर ही किती पिणार? कागदावरचं सांगू नका, मला भरून बघायचंय. टाकी काठोकाठ भरायची, चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावेल तेवढं ती प्यायली.”

युस्तिनने डोकं खाजवलं. चालवून बघायला एकच गाडी होती. “तुमची हरकत नसेल तर… तिघं बरोबरच जाऊ या का?”

“माझी काय हरकत,” नेकुलाय म्हणाला. “बाईंना विचारा.”

झालं! युस्तिन चालवायला, शेजारी पिवळ्या ड्रेसमध्ये स्मरांडा आणि मागे तिचा परका बाप. शहराबाहेरचा बुचुमचा घाट चढून उतरला की पलीकडे एक जुना पेट्रोल पंप आहे. त्याचंच माप नेकुलायला पटायचं. वाटेत युस्तिन तिच्याशी हळू आवाजात काहीबाही बोलत होता, ती हूं-हूं करत होती. आरशात बापाची टोपी दिसत होती. तो खिडकीबाहेर बघत बसला होता आणि एवढ्या वाटेत तो गाडीबद्दल एक अक्षर बोलला नाही. हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

पंपावर टाकी भरली. नळी थांबल्यावर नेकुलायने दोन्ही हात छतावर टेकले आणि गाडी गदागदा हलवायला सुरुवात केली. टाकीत अडकलेली हवा बाहेर यावी आणि आणखी चार थेंब मावावेत, म्हणून. बाजूच्या गाडीतली माणसं माना वळवून बघायला लागली. आत बसलेली स्मरांडा सीटवर खाली खाली सरकली. शाळेत असताना बापाच्या टॅक्सीतही ती अशीच सरकायची, वर्गातलं कुणी बघत तर नाही ना म्हणून.

मग ते वास्लुई शहराकडे जाणाऱ्या सरळ रस्त्याने लांबवर गेले आणि परत त्याच पंपावर आले. नळी पुन्हा थांबली. नेकुलायने पुन्हा छतावर हात टेकले, पण या वेळी एक हेलकावा दिला आणि कळ येऊन कंबर धरली. थोडा थांबला. पुन्हा हात टेकले. मागे रांगेत उभा असलेला एकजण ओरडला, “आजोबा, तिला झोपवताय की उठवताय?” सगळे हसले.

स्मरांडाने दार उघडलं. ती गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेली, छतावर हात ठेवले आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही ढकला, मी ओढते.”

नेकुलायने छतावरून तिच्याकडे पाहिलं. युस्तिनच्या हातातली किल्ली खाली पडली.

“मी यांची मुलगी आहे,” ती युस्तिनला म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “मघाशी मी नाही म्हटलं. मला लाज वाटली यांची. आणि आता माझीच वाटतेय.”

नेकुलाय म्हणाला, “लाज वाटली तर वाटली गं. सपाता घालून आलो, माझंही चुकलं. पण नाही म्हणायला नको होतंस. फार लागलं मला ते.”

“बाबा…” तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

“रड नंतर. आधी हलव. तिथे नको, पत्रा दबेल. दाराच्या वर धर.”

बापलेकीने मिळून गाडी हलवली. चार थेंब आणखी मावले. नेकुलायने पंपावरचा आकडा पाहिला, तोंडातल्या तोंडात हिशोब केला आणि भुवया उंचावल्या. “शंभराला जवळजवळ सहा.”

युस्तिनचे कान आता खडूसारखे पांढरे पडले होते. “मला माहीत होतं,” तो म्हणाला. “शहरात साडेचार, ते खरं आहे. मोकळ्या रस्त्याला ही साध्या पेट्रोलच्या गाडीएवढंच पिते, थोडं इकडे तिकडे. हार्लाऊला रोज जायचं तर चार हजार युरो वसूल व्हायचे नाहीत. तू साधीच घे. परवाच सांगायला हवं होतं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू परत आली नसतीस.” तो नेकुलायकडे वळला, नजर जमिनीला लावून. “आणि काका… ते कॉफीचं. मीच बोललो. ती माझ्यामुळे हसली.”

“तुमची तोंडं बघून लांबूनच कळलं होतं ते,” नेकुलाय म्हणाला. “कॉफी मात्र चांगली होती.”

मग त्याने हात पुढे करून किल्ली मागितली. “परत जाताना मी चालवतो. तुम्ही दोघं मागे बसा. मला पुढे मोकळी जागा लागते.”

पुढे एका माणसाला किती जागा लागते, ते देव जाणे. पण दोघं मुकाट्याने मागे बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. घाट सुरू झाला. नेकुलायने पाय दाबला आणि इंजिन चढावर घुरघुरायला लागलं. दोन्ही बाजूंनी लिंडनचा वास आत येत होता.

“आता तू मला…” युस्तिन पुटपुटला. “खोटारडा म्हणत असशील.”

“आणि तू मला?”

“मी तुला काय म्हणणार? माझा बाप गावी मेंढ्या पाळतो. इथे मी सगळ्यांना सांगतो, शेती व्यवसाय.”

तिला हसू आलं, रडून सुजलेल्या डोळ्यांनी. तिने पुढे पाहिलं. बाप गाणं गुणगुणत होता, इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं. ती थोडी सरकली. मध्ये आता हातभरच जागा उरली.

“म्हणजे गाडी घ्यायची नाही,” युस्तिन म्हणाला. “मग तू शोरूममध्ये परत… कशाला येशील?”

इंजिन घुरघुरत होतं. घाटाचं शेवटचं वळण आलं होतं. स्मरांडाने धीर केला, आवाजावर आवाज चढवून म्हणाली, “गाडी गेली खड्ड्यात–”

आणि चढ संपला. उतार लागला, इंजिन आपोआप बंद झालं, गाडी नुसत्या विजेवर निघाली. आत इतकं शांत झालं, की टायरखालची खडी ऐकू यावी.

“– मला तू हवा आहेस!”

ते वाक्य गाडीभर घुमलं. स्मरांडाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. गुणगुणणं थांबलं होतं. युस्तिनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पुढच्या टोपीकडे पाहिलं आणि मिटलं. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. तो पुन्हा तोंड उघडू पाहत होता, शब्द ओठांपर्यंत आलेले स्पष्ट दिसत होते, पण त्या शांततेत ते बाहेर पडेनात.

नेकुलायने आरशात एकदा पाहिलं. मग गाडी हळू केली, कडेला घेतली.

“घाट पुन्हा चढू या,” तो म्हणाला. “पोराला उत्तर द्यायचंय.”

आणि त्याने गाडी वळवली.