शून्य आयुर्लाभ

तुळाजी मगदुमाने पहारेकऱ्याला उचलून काचेच्या दारावर आदळले, तेव्हा कोल्हापूरच्या यकृतरोपण केंद्रात सकाळचे दहा वाजले होते. पहारेकऱ्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दोन दात पडले. डॉ. शलाका निगवेकर भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. त्यांना भीती वाटत होती, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

"माझ्या रायबाची लिव्हर दुसऱ्याला दिलीसा?" तुळाजी गरजला. "कुणाच्या हुकमानं?"

हुकूम वाटपप्रज्ञेचा होता. डॉक्टर वशिला लावतात अशी बोंब झाल्यापासून यकृत कुणाला द्यायचे, हे राज्यभर हे यंत्रच ठरवत असे. रोपणाने आयुष्याची किती वर्षे वाढतील, तो आयुर्लाभ काढायचा आणि ज्याचा जास्त त्याला यकृत, असा त्याचा सरळ हिशेब. तुळाजीसारखाच पैलवान असलेला त्याचा धाकटा भाऊ रायबा ताकदीची भेसळीची भुकटी खाऊन चार दिवसांत यकृत गमावून बसला होता. आज रोपण झाले नाही तर तो मरणार होता.

"रायबाचा आयुर्लाभ शून्य कसा?" शलाकाबाईंनी यंत्राचे कर्ते प्रा. हेरंब दातार यांना विचारले.

"त्याची मूत्रपिंडं जुनाट आजारी आहेत," दातार टेबलामागूनच म्हणाले. "अशांना यकृत बसवलं, की रोपणानंतरची औषधं उरलीसुरली मूत्रपिंडं खाऊन टाकतात. माणूसही जातो, यकृतही वाया जातं. दोन वर्षं त्याच्या रक्तातलं क्रिएटिनीन चढं आहे, म्हणजे मूत्रपिंडं ते गाळत नाहीत."

"अहो, क्रिएटिनीन स्नायूंतून येतं! रोज हजार जोर काढणाऱ्या पैलवानाचं चढंच असणार. आणि जिला तुम्ही यकृत दिलंत, त्या बाईच्या अंगावर मांस कुठंय? तिची मूत्रपिंडं सडलेली असली तरी आकडा कमीच दिसेल."

"यंत्र चाळीस हजार रुग्णांवरून शिकलंय."

"त्यांत पैलवान किती?"

तुळाजीने दातारांची मानगूट धरून त्यांना टेबलावरून ओढले.

"बाई, माझं रगत काढा. मी काय आजारी दिसतोय काय?"

शलाकाबाईंना आशा वाटली. धडधाकट माणसाचा आकडाही तेवढाच निघाला, तर यंत्राला चूक मान्य करावीच लागेल! त्यांनी रक्त काढले. आकडा तेवढाच निघाला. यंत्राच्या पडद्यावर उत्तर आले: 'सख्ख्या भावातही तोच दोष. आजार आनुवंशिक. निदान अधिक पक्के.'

तुळाजीने वाचले आणि त्याची मूठ पडद्यातून आरपार गेली. दुसऱ्या तडाख्यात दातारांचे गळ्याजवळचे हाड मोडले. चार पहारेकरी लाठ्या घेऊन धावले. डोके फुटेपर्यंत त्यांनी त्याला झोडपले, तरी तो भावाचे नाव घेत उठतच होता. शलाकाबाई "सोडा त्याला" म्हणून ओरडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रायबाचा मेंदू मृत झाला.

बेड्या घातलेल्या तुळाजीचे टाके तपासत असताना शलाकाबाईंच्या हातातल्या संगणकी पाटीवर वाटपप्रज्ञेचा निरोप आला. रुग्णांच्या बाबतीत यंत्र क्रिएटिनीनच्या आकड्यावर विसंबे. मृताचे अवयव दानासाठी काढायचे असले, की मात्र ते ऊतिदर्शक या उपकरणाने मूत्रपिंडांच्या आत थेट पाही. शलाकाबाईंनी निरोप मोठ्याने वाचला. त्याला कळायलाच हवे होते.

"रायबा मगदूम. मूत्रपिंडे सर्वोत्तम. प्राप्तकर्ती, कालच यकृतरोपण झालेली रुग्ण. रोपणानंतर तिची मूत्रपिंडे बंद पडली आहेत. आयुर्लाभ अकरा वर्षे. भावाची संमती घ्यावी."

"म्हंजी त्याच्या किडन्या चांगल्याच हुत्या?"

"हो, पैलवान."

"आन् आता त्याच पायजेत?"

"हो."

तुळाजीने बेड्यांतले हात पुढे केले. मग म्हणाला, "त्या बाईनं काय केलंय? आना कागद."

त्याने सही केली. मग बेड्यांसकट दोन्ही हात तो भिंतीवर आपटू लागला. मनगटे फाटली, भिंत लाल झाली, आणि शलाकाबाईंनी त्याला अडवले नाही.