लाल दिव्याखालचा पेढा

सांगलीजवळच्या माधवनगरच्या स्टॉपवरच्या गाड्यावर त्या दिवशी पाच जणांनी एकाच वेळी चहा थुंकला. चहावाल्यानं ज्या कॅनमधून पाणी आणलं होतं, त्यात आदल्या दिवशी डिझेल होतं. शिव्या झाल्या, ग्लास आपटले गेले, चहावाला कान धरून माफी मागू लागला.

सहावा ग्लास सृष्टीच्या हातात होता. भाद्रपदातल्या रटाळ झिमझिमीकडे बघत तिनं तो तळापर्यंत पिऊन टाकला होता.

"ओ मॅडम..." शेजारून आवाज आला. "डिझेल प्यालाय तुमी."

उंच, सावळा, केसांवर पावसाचे बारीक थेंब. तो तिच्या रिकाम्या ग्लासाकडे बघत होता.

"बरं झालं की," ती म्हणाली. "आता म्हसवडला जायला एश्टी नको."

तो हसला. तीही हसली. पण हसता हसता तिनं तो ग्लास घाईनं गाड्यावर उपडा घातला; हे कुणी बघायला नको होतं.

कारण सृष्टीची नोकरीच चवीची होती. स्टॉपपासून दोनशे पावलांवर एका बंद पडलेल्या सूतगिरणीची शेड होती. तिथं आता एका सुपरमार्केट कंपनीचं गोदाम होतं आणि गोदामाच्या मागच्या अंगाला चवीची खोली. चिक्की, राजगिरा लाडू, बाकरवडी, भडंग, क्रीमची बिस्किटं... कंपनीच्या नावाच्या पिशवीत जे जे जाणार, ते आधी या खोलीत पाच जण खाऊन बघायचे. रंगावरून कुणी ठरवू नये म्हणून खोलीत लाल दिवा. एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून मधे फळ्या. वाटीवर नाव नाही, नुसता आकडा. दोन घासांच्या मधे कोमट पाणी आणि चार फिके चुरमुरे. मग कागदावर पास किंवा नापास, आणि नापास असेल तर कारण.

लोकांना वाटायचं, फुकट खाऊ खायची नोकरी. सृष्टीला ती तशी मिळाली नव्हती. म्हसवडच्या माळावरचं धनगराचं घर तिचं. लहानपणी पाहुणे आले की बाप तिला समोर बसवायचा, दुधाची वाटी द्यायचा आणि विचारायचा, "सांग पोरी, शेळ्या आज कुठं चरल्या?" ती एक घोट घ्यायची आणि सांगायची. बाभळीखाली. ओढ्याला. एकदा तर कुणाच्या रानात चोरून चरल्या तेही सांगितलं होतं, आणि त्या दिवशी भांडण झालं होतं. त्या जिभेवर ती सांगलीला आली.

आणि ज्येष्ठात चार दिवस ताप आला. ताप गेला तो वास घेऊन गेला. वास गेल्यावर जिभेवर उरतं तरी काय? गोड, खारट, आंबट, कडू आणि तिखटाची जळजळ. बाकी सगळं भुशासारखं. डॉक्टर म्हणाले, "येईल परत... किंवा नाही येणार." सृष्टीनं हे कुणालाच सांगितलं नाही. कुरकुरीत किती, साखर किती, तेल टाळूला चिकटतं का, एवढ्यावर ती अंदाजानं पास-नापास लिहीत होती. सांगितलं की नोकरी गेली. आणि नोकरीपेक्षाही, बापाच्या त्या प्रश्नाला उत्तर देणारी पोरगी गेली.

डिझेलच्या चहानंतरच्या गुरुवारी खोलीची प्रमुख मंगल मॅडम आत आल्या, तेव्हा त्यांच्या मागं तोच उंच माणूस होता.

"हा वीरधवल. वाळव्याकडचा. गोदामात माल उतरवून घेतो. बंद खोक्यातलं फरसाण खवट आहे, हे यानं खोकं न फोडता सांगितलं. आजपासून इथं बसेल." मग आवाज चढवून नेहमीचे नियम. "गजरा काढायचा, अत्तर धुवायचं, आणि तोंड फक्त खायला उघडायचं!"

वीरधवल सृष्टीच्या शेजारच्या फळीआड बसला. तिनं मान खाली घातली. आता हा सांगणार...

पहिली वाटी आली. शेंगदाण्याची चिक्की. दाताखाली छान मोडली. सृष्टीनं पेन पासवर टेकवलं, तेवढ्यात फळीपलीकडून टेबल वाजल्याचा आवाज आला.

टक.

एकदाच. ती थांबली. जरा वेळानं पुन्हा एकच, टक. तिनं नापास लिहिलं आणि कारणापुढं, थोडा विचार करून, 'खवट'. पुढच्या वाटीला दोनदा वाजलं, टक-टक. तिनं पास लिहिलं. बाहेर पडल्यावर मंगल मॅडम कागद चाळत म्हणाल्या, "सृष्टी, आज तुझी जीभ जाग्यावर दिसतेय."

स्टॉपकडे जाताना तो मागून आला. पाऊस तसाच, ना जोर ना थांबणं.

"टेबल का वाजवता तुमी?"

"सवय हाय."

"वाईट सवय."

"डिझेल पिण्यापरीस बरी."

ती रस्त्यातच उभी राहिली. "कुणाला सांगणार हाय का?"

"सांगायचं असतं तर वाजवलं कशाला असतं?" त्यानं छत्री तिच्या डोक्यावर सरकवली. स्वतःचा डावा खांदा भिजू दिला. "कवापासनं?"

"ज्येष्ठापासनं."

त्यानं नुसती मान डोलावली. अरेरे नाही, होईल बरं नाही. तिला ते आवडलं.

तेव्हापासून दोनशे पावलांचा तो रस्ता त्यांचा झाला. दिवसभरात जे खाल्लं, ते तो तिला चालता चालता सांगायचा.

"आजचं भडंग कसं हुतं?"

"आधी लसूण. दारातच भांडाय उभ्या राहिलेल्या चुलतीगत. मग मागनं कढीपत्ता येतोय, 'जाऊ दे की गं' म्हणत."

"आणि ते गुलाबी बिस्कीट?"

"ते? लग्नातल्या फोटोगत. सगळी हसत्यात, खूश कुणीच न्हाई."

ती हसून हसून छत्रीबाहेर जायची. तो छत्री तिच्यामागं न्यायचा.

"आणि मी कशी हाय?" एकदा तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुमचा... नमुना अजून आला न्हाई माझ्या टेबलावर."

"गप चाला!" पण कान तापले होते. भाद्रपदातल्या गारठ्यातसुद्धा.

रात्री मात्र खोलीवर अंथरुणात पडलं की ते हसणं उतरायचं. कागदावर सही तिची, चव त्याची. शेजारी बसलेल्या माणसाकडून ती रोज कॉपी करत होती. आणि उद्या हा निघून गेला तर? त्याच्या घरचा ऊस, भाऊ सैन्यात, घरात बोलणी सुरू असतील कुठल्यातरी बागायतदाराच्या मुलीची. "तुमच्याकडं ऊस, आमच्याकडं मेंढरं," ती एकदा म्हणाली होती. "मेंढरं ऊस खात्यात की," तो म्हणाला होता. हसण्यावारी गेलं. पण घरी काय बोलणार, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

आश्विन लागला. दिवाळीसाठी कंदी पेढा ठरवायचा होता. त्या दिवशी परतीचा पाऊस पिसाळला. गिरणीच्या जुन्या पत्र्यावर असा कोसळला की मंगल मॅडमचा आवाजही ऐकू येईना. वाट्या आल्या. पहिला पेढा तिनं तोंडात टाकला. गोड. रवाळ. बस्स. ती फळीकडे कलली, कान लावला. वर पत्रा, पत्र्यावर पाऊस, दुसरं काहीच नाही. त्यानं वाजवलं का? एकदा की दोनदा? मंगल मॅडम कागद गोळा करत समोर येऊन उभ्या राहिल्या.

पेढ्याची कड जिभेला जरा टणक लागली होती. तिनं नापास लिहिलं. कारणापुढं लिहिलं, 'करपट'.

बाहेर आल्यावर वीरधवलनं विचारलं, "पयला पेढा... लिवला न्हवं पास? दोनदा वाजवलं मी."

ती छत्रीत न शिरता पावसातच पुढं निघाली. तो छत्री घेऊन तिच्यामागं गेला.

चार दिवसांनी गोदामाच्या फाटकाशी एक म्हातारा उभा होता. धोतर, टोपी, कापडी पिशवी. साताऱ्याचा पेढेवाला, जोतिबा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत होता, "चव घेनारी मान्सं कोन हायती?" कुणीतरी सृष्टीकडे बोट दाखवलं.

"पोरी, तक्रार न्हाई माझी," तो म्हणाला. "मॅडमनी सांगितलं. दोघं हो म्हनली, दोघं न्हाई म्हनली. ती न्हाई म्हनली ती साखरंवरनं, ते मला पटलं. पर पाचव्यानं करपट लिवलंय. पन्नास वर्सं खवा भाजतोय मी. करपट म्हंजे हात गेला माझा. हात गेला आसंल तर भट्टी बंद करतो, लोकांना कशाला फशिवायचं? येवढं एकदा खाऊन सांग."

त्यानं पिशवीतून पुडा काढला. पेढा तिच्या हातावर ठेवला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. अगदी तिचा बाप बघायचा तसा.

तिनं खाल्ला. गोड. रवाळ.

मागं वीरधवल येऊन उभा राहिला होता. इथं फळी नव्हती, टेबल नव्हतं. "आन्ना..." त्यानं सुरुवात केली. सृष्टीनं हात वर करून त्याला थांबवलं.

"आण्णा, हात तुमचा न्हाई गेला," ती म्हणाली. "जीभ माझी गेलीय."

मंगल मॅडमच्या खोलीत तिनं सगळं सांगितलं. ताप, वास, अंदाज, करपट. मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिल्या.

"चार महिने?"

"व्हय."

"मग महिनाभर तुझे सगळे कागद बरोबर कसे आले? पेढ्याचा सोडून?"

सृष्टी पायांच्या बोटांकडे बघत उभी राहिली.

तेवढ्यात दारावर वाजलं. टक-टक.

"मी वाजवत हुतो, मॅडम," वीरधवल दारात उभा होता. "टेबल."

मंगल मॅडमनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "सांगलीत बागा आहेत, नदीकाठ आहे, गणपतीचं देऊळ आहे," त्या थंडपणे म्हणाल्या. "तुम्हाला माझीच खोली सापडली?"

दोघांची खोलीची ओळखपत्रं तिथंच टेबलावर राहिली. पेढा दुसऱ्या दिवशी नव्या पाच जणांपुढं गेला आणि पास झाला. जोतिबाला मॅडमनी स्वतः फोन करून कळवलं. वीरधवल पुन्हा खोकी उतरवायला गेला. सृष्टीला मॅडमनी दुकानात चाखायचे नमुने वाटायला काउंटरवर उभं राहशील का विचारलं. नाही, असं तिनं सांगितलं. दुसऱ्यांना चव द्यायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं, ते तिला जमणार नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, रोज ओळखीचे वास घेत राहा, नाक कधी कधी पुन्हा शिकतं. तिच्या ओळखीचे वास सगळे म्हसवडला होते. शेळ्या, दूध, घोंगडी, तापलेला माळ.

सांगलीच्या स्टँडवर म्हसवडची गाडी लागली तेव्हा पाऊस थांबला होता, पण आभाळ उतरलेलंच होतं. ती खिडकीशी बसली. तो खाली उभा. हातात दोन पुड्या.

"ह्यो पेढा. आन्नांनी पाठवलाय."

"आणि ती?"

"नंतर सांगतो." त्यानं पेढ्याची पुडी वर दिली.

तिनं एक तुकडा तोंडात टाकला, दुसरा खाली त्याच्या हातावर ठेवला. "सांगा. कसा लागतो?"

त्यानं खाल्ला. बोटं रुमालाला पुसली, पुन्हा पुसली. चुलती नाही, लग्नाचा फोटो नाही.

"काय झालं? आज सापडंना?"

"सृष्टी..." पहिल्यांदाच त्यानं नुसतं नाव घेतलं. "खरं सांगू? आता काय बी खाल्लं की आधी डोक्यात येतंय, हे तुला कसं सांगायचं. घरी भाकरी खाताना बी. माझी एकट्याची चव राहिली न्हाई गं. तू गेलीस तर... ती बी जाईल."

खिडकीचा गज तिनं घट्ट धरला.

"घरी काय म्हणतील तुमच्या?"

"भांडत्याल. लय भांडत्याल. मी बी भांडंन." त्यानं दुसरी पुडी वर दिली. केळीच्या पानात गजरा होता. केशरी, बारीक फुलांचा. "खोलीत घालू देत न्हवत्या. आता घाल."

तिनं तो हातात घेतला. माळला.

"मार्गशीर्षात आमच्यात सिद्धनाथाचा रथ असतो," ती म्हणाली. "माझा बाप पाहुण्यांना दूध देतो. शेळ्या कुठं चरल्या, असं विचारतो. मला आता सांगता येत न्हाई..."

"मग मी येऊन सांगू?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात त्यानं सवयीनं गाडीच्या पत्र्यावर बोटांनी वाजवलं. दोनदा. जोरात.

आणि ड्रायव्हरनं गाडी काढली. पत्र्यावर दोनदा थाप म्हणजे चला, हे एसटीच्या ड्रायव्हरला कुणी शिकवावं लागत नाही.

"आवं थांबा!" ती ओरडली. गाडी फाटकाकडे वळली होती. वीरधवल दोन्ही हात डोक्याला लावून उभा, स्वतःच्या बोटांवर चिडलेला. तिनं हात खिडकीबाहेर काढला आणि बाहेरच्या पत्र्यावर सगळा जीव एकवटून वाजवलं.

टक-टक.

ड्रायव्हरनं गिअर बदलला, गाडी आणखी पळाली. पण आज पाऊस नव्हता. त्याचे हात डोक्यावरून खाली आले, आणि मग एक हात वर गेला. वळण येईपर्यंत तो तसाच वर होता.

विट्याचा स्टँड येईपर्यंत ती रडली. शेजारी बसलेल्या बाईनं दोनदा पाणी दिलं. मग जरा वेळानं तिच्या केसांकडे वाकली, नाकानं हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"गजरा झ्याक हाय गं," बाई म्हणाली. "पर वासच येत न्हाई."

सृष्टीनं ओल्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"अबोली हाय, मावशी," ती म्हणाली. "कुणालाच येत न्हाई."