मालनच्या तोंडचे वाक्य

पुढील मजकुरात मी एकही शब्द रचलेला नाही. रचण्याचे पाप आमच्या घरात एकाने केले, तेवढे पुरे.

सन १८९९, मार्गशीर्ष वद्य पंचमी. ठाण्यातील तलावाकाठचा तंबू.

हलत्या चित्रांचा खेळ एकवीस दिवस तुडुंब चालला होता. चित्रांना वाचा नसते. म्हणून माझा धाकटा भाऊ श्रीपाद पडद्याशेजारी उभा राहून त्यांतल्या माणसांच्या तोंडी वाक्ये घाली.

सर्वांत गाजले ते कल्याण स्टेशनातले चित्र. प्लेगच्या तपासणीत धरलेल्या एका बाईला दोन शिपाई छावणीकडे नेतात. ती मागे वळते. तिचे ओठ हलतात.

श्रीपाद बायकी सुरात म्हणे, "अहो, भात तुम्हीच रांधा. मी चालले सरकारच्या घरी जेवायला."

सुशिक्षित ठाणे पोट धरून हसे.

मीही हसलो.

बाईचे नाव मालन. ती छावणीतच वारली. हे आम्हांला तिच्या नवऱ्याने सांगितले, कळव्याच्या मिठागरातल्या विठ्ठलने. तो रोज तिकीट काढून येई.

"ती असं बोलली नाय, मास्तर."

"मग काय बोलली?"

"त्येच तर ठावं नाय. मी तपासणीच्या दोरीच्या अल्याड. गलका लई. तुमी तेवढ्या जागी गप ऱ्हावा. नुसतं तिच्या ओठांकडं बघू द्या."

"अरे, त्या वाक्यासाठीच तर तंबू भरतो," श्रीपाद म्हणाला. "तुझ्या बायकोने अख्खे ठाणे हसवले. मान समज."

त्या संध्याकाळी मालन वळली. श्रीपादने तोंड उघडले...

आवाज नाही.

यंत्राची खडखडही थांबली होती. चित्र मात्र चालूच...

तिचे ओठ हलले. आम्हांला काहीच ऐकू आले नाही.

विठ्ठल उठला.

"व्हय गं," तो पडद्याला म्हणाला. "कोंबड्या कोंडल्या व्हत्या मी. तू जा आता."

आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चित्रात दोन शिपाई चालत होते.

मध्ये कुणीच नव्हते...

तंबूच्या मालकाने दवंडी पिटवली. जिला जिवंतपणी कुणी वाट दिली नाही, तिची रिकामी जागा पाहायला आता दुप्पट गर्दी लोटते. रसिकता म्हणतात ती हीच.

श्रीपादची वाचा गेली ती गेली. त्याचा संसार माझ्यावर आला, म्हणून पडद्याशेजारी मी उभा राहतो. त्या जागी मी कटाक्षाने गप्प असतो.

तरीही लोक नेमके तिथेच हसतात...

घरी त्याची बायको सुमती सांगते, रोज त्याच घटकेला श्रीपादचे ओठ हलतात.

आवाज तेवढा घरात नसतो.