थांब्याचे शेवटचे नऊ सेकंद

तीन नंबरच्या खुर्चीचा अलार्म वाजला, तेव्हा नळीला पीळ पडला असेल असं वाटून मी धावले. पीळ नव्हता. सुई टोचलेला हात उचलून तो माणूस पुस्तकाचं पान उलटत होता.

"हा हात सत्तर मिनिटं हलवायचा नाही," मी म्हणाले.

"सॉरी, सिस्टर. पण... थांब्या पुलावर लटकतोय."

मी सिस्टर नव्हते, रक्तपेढीतली टेक्निशियन होते. ते सांगायचं राहूनच गेलं, कारण माझं लक्ष पुस्तकाकडे गेलं होतं.

थांब्या! कॉमिकमधला हिरो. खरं नाव कालवीर, पण आम्ही मुलं त्याला थांब्याच म्हणायचो. दिवसातून एकदा नुसतं बोट उचलून तो सगळं जग नऊ सेकंद थांबवायचा. दादा आणि मी लहानपणी तोच खेळ खेळायचो. दादा कायम थांब्या, मी कायम थांबलेली माणसं... एका पायावर, तोंड उघडं, श्वास रोखून. दादा नऊपर्यंत फार सावकाश मोजायचा.

त्या थांब्यावर आता मोठ्यांसाठी जाडजूड ग्राफिक नॉव्हेल निघाली होती. तिच्यात तो म्हातारा झाला होता, गुडघे धरून जिना चढत होता, आणि जग थांबवण्याची ताकद त्याच्यात एकदाच पुरेल इतकी उरली होती.

मी पुस्तक त्या माणसासमोर ट्रॉलीवर उभं केलं. पान संपलं की मोकळ्या हाताचं बोट वर करायचं, उलटायचं काम माझं, असं ठरलं.

हा तीन नंबरवाला लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याच्या मावशीला एकदा कुणा अनोळखी माणसाच्या प्लेटलेट्स मिळाल्या होत्या, म्हणून हा दर पंधरा दिवसांनी द्यायला येई. पुस्तक तो बरोबर आणी आणि घरी उघडत नसे, असं त्याचं म्हणणं. मी खुर्चीमागे उभी राहून वाचत असे. पहिल्या वेळी एका पानाला साधारण चाळीस सेकंद लागत होते. चौथ्या वेळी दोन मिनिटं. मी मोजलं होतं.

"तुम्ही हल्ली फार सावकाश वाचता," मी एकदा म्हणाले.

"चित्रं बघतो."

"या पानावर नुसती भिंत आहे."

"हो... पण भिंत छान काढलीये."

पलीकडून इनचार्ज ताई खोकल्या. माझा हात तीन नंबरलाच का अडकतो, मशीन तपासून घ्यायला हवं, असं त्या नंतर चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवत होत्या.

त्याच ताईंनी मग माझ्या बदलीचं पत्र दिलं. सोमवारपासून वर, चौथ्या मजल्यावरच्या तपासणी विभागात. वर्षापूर्वी मीच अर्ज केला होता. तिथे रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्या येतात, माणसं येत नाहीत. त्याचा फोन नंबर फॉर्मवर होता, पण तो रक्तपेढीच्या कामासाठी. फॉर्म हातात आला की मी त्या रकान्यावर अंगठा ठेवत असे.

शुक्रवारी तो आला, तेव्हा अकरा पानं उरली होती. ती वाचायला त्याने तासभर लावला. शेवटच्या पानावर थांब्या आणि त्याची बायको बाकावर बसलेली होती. ती विचारते, शेवटचे नऊ सेकंद कशासाठी राखून ठेवलेस? आपल्यासाठी वापर ना, ही संध्याकाळ थांबव.

थांब्या म्हणतो, "थांबलेल्या वेळात तू नसतेस."

बस, एवढंच. खाली दोन पाठमोरी माणसं, आणि त्यांच्यामागे वारा सुटलेली झाडं.

खुर्चीतून बोट वर आलं नाही. उलटायला पानच नव्हतं. मशीनवर चार मिनिटं उरलेली दिसत होती. मी हात पुढे केला आणि थांबवायचं बटण दाबलं. नऊ सेकंदांनी काही बिघडत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. घरघर बंद झाली.

"सोमवारपासून मी इथे नसेन," मी म्हणाले. "चौथ्या मजल्यावर. तिथे प्लेटलेट्स द्यायला कुणी येत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. तीन... चार...

"तुमच्याकडे चौथ्या मजल्याला लिफ्ट आहे?"

"आहे. पण नीट चालते."

"मग जिन्याने येईन." त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "म्हणजे... पुस्तक संपलंय. आता काही कारण नाहीये. नुसता येईन. चालेल?"

"फॉर्मवर तुमचा नंबर आहे," मी म्हणाले, "मी तो कधी बघितला नाही."

"मग बघा ना."

मोजायचं मी केव्हाच विसरले होते. मशीन ओरडलं, तेव्हा मी दचकून बटण दाबलं आणि घरघर पुन्हा सुरू झाली. ताईंनी लांबूनच विचारलं, तीन नंबरला काय झालं?

"काही नाही, ताई," मी म्हणाले. "मी थांबवलं होतं."