येतो म्हणाला होता

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या कुणाकडून ऐकलेली नाही, माझ्या सख्ख्या भाच्याच्या बाबतीत घडलेली आहे. तुम्ही हसलात तरी चालेल. आधी मीही हसलो होतो.

भुतं रात्री येतात म्हणतात. हे घडलं भरदुपारी, टळटळीत उन्हात.

भाचा जुन्या इमारती पाडण्याच्या कामावर मुकादम. पाडकाम म्हणजे नुसती तोडफोड नव्हे. आधी माणसं जातात, मग दारं-खिडक्या निघतात, मग भिंती. आणि पोकलेनचा पंजा लागण्याआधी मुकादमाने खोलीखोलीत जाऊन हाक मारायची, "कोणी आहे का?" आत मांजरसुद्धा राहता कामा नये. त्याने हात हलवला की मगच मशीन सुरू.

त्या दिवशी चार मजली इमारत होती. तिच्या जागी टॉवर व्हायचा होता. सगळ्यात वरची, कोपऱ्यातली खोली शेवटची. ती त्याच्या चांगल्या ओळखीची, कारण तिचं दार त्याने आदल्याच आठवड्यात घरी नेलं होतं. अस्सल सागवान, वरच्या बाजूला पितळी कडी. लेकीच्या खोलीला बसवलं होतं.

आता तिथे उरली होती नुसती चौकट.

"कोणी आहे का?"

काही नाही.

तो वळला आणि चौकट ओलांडता ओलांडता सवयीने बोलून गेला, "बरं, येतो."

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, हे लहानपणी मीच त्याला शिकवलेलं.

मागून आवाज आला...

"लवकर ये."

बाईचा आवाज. शांत. घरातलं माणूस म्हणतं तसा.

आणि पाठोपाठ... खट्.

आतून कडी लावल्याचा आवाज.

जिथे दारच नव्हतं.

तो कसाबसा खाली आला. पोकलेन चालवणाऱ्याला सगळे दाजी म्हणत. दाजी म्हणाला, "काय मुकादम, वर सासुरवाडी लागली काय? एवढा वेळ?"

"दाजी, वर कोणीतरी बाई आहे."

दाजीचं हसू मावळलं. दोघं पुन्हा वर गेले. प्रत्येक खोली, प्रत्येक कोपरा, गच्चीवरची टाकीसुद्धा पाहिली. चिटपाखरू नव्हतं.

"ऊन लागलंय तुला," दाजी म्हणाला. "पाणी पी घटाघटा."

भाच्याने हात वर केला. तो हलवायला त्याला बराच वेळ लागला.

इमारत कोसळली. धूळ बसली. त्याने ढिगारा हाताने चाचपून पाहिला. विटा, माती... बाकी काही नाही. सुटलो, असं वाटलं त्याला.

संध्याकाळी घरी आला तर बायको लेकीच्या दारावर थापा मारत होती.

"अहो, चिमी आत आहे. आतून कडी लागलीय."

"कडी? तिचा हात तरी पोचतो का तिथे?"

"तेच म्हणतेय मी."

आतून रडणं नव्हतं. चिमी कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. मध्येच थांबत होती... समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी.

"चिमे, बाबा आलाय गं."

आतलं बोलणं थांबलं.

खट्.

दार आपोआप उघडलं. चिमी पार पलीकडे, पलंगावर मांडी घालून चित्र रंगवत बसली होती.

"कडी कोणी काढली बाळा?"

"मावशीने." तिने मानसुद्धा वर केली नाही. "मावशी म्हणाली, बाबा 'येतो' म्हणून गेलाय. तो आल्याशिवाय दार उघडायचं नाही."

त्याच रात्री भाच्याने दार उचकटलं आणि टेम्पोत घालून ढिगाऱ्यावर टाकून आला. तेव्हापासून तिथे पडदा आहे. पडद्याला कडी नसते, एवढाच काय तो दिलासा.

तो आता घरातून निघताना काहीच बोलत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे मुक्कामी होतो. सकाळी चिमी दप्तर पाठीला लावून शाळेत निघाली. आईला टाटा केला, मला केला. मग मागे फिरली आणि आपल्या रिकाम्या खोलीच्या पडद्यापाशी जाऊन उभी राहिली.

"येते हं," ती म्हणाली.

थोडा वेळ कान देऊन थांबली.

मग शहाण्या मुलीसारखी मान डोलावली...

आणि गेली.