गुंड्याचं दूध

बसा आता, लाईट काय एवढ्यात येत न्हाई. तो मोबाईल खिशात घाला, तालमीत अंधाराचं भ्याव वाटायला लागलं तर झाली तुमची पैलवानकी. रोज विचारता ना, काका, कोपऱ्यातला हा दगडी गुंडा कुणी उचलत का न्हाई? ऐका मग. हा गुंडा उचलणारा माणिकप्पा माझा जोड होता. पंधरा वर्षं आम्ही दोघं एकाच मातीत लोळलो, तेव्हा ही ऐकीव गोष्ट न्हाई.

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आदली रात्र. चौदा ऑगस्ट ब्याऐंशी, शनिवार. नव्या जिल्ह्याच्या आनंदात दुसऱ्या दिवशी लातुरात ताकदीचे खेळ ठेवले होते. पहाटे चारला ट्रक येणार अन् माणिकप्पाला गुंड्यासकट घेऊन जाणार, असं ठरलेलं. तीन मणाचा गुंडा. माणिकप्पाची चाळिशी आलेली, पुन्हा अशी संधी मिळणार नव्हती. गावाचा सगळा जीव त्याच्यात अडकला होता, कारण त्याच्या अंगावरचं मांस गावानं चढवलेलं होतं.

म्हणजे असं की, बहात्तरच्या दुष्काळात लोक खडी फोडायला जायचे अन् सुकडी खाऊन दिवस काढायचे. आखाड्याची ही माती विटेसारखी झाली होती. तरी गावानं ठरवलं, आपला पैलवान पडू द्यायचा न्हाई. ज्याच्या दारात दुभतं उरलं होतं, तो पोटाला चिमटा घेऊन वाटीभर दूध माणिकप्पाला धाडायचा. तुम्ही डब्यातली पावडर खाणारे, तुम्हाला काय कळणार त्या वाटीची किंमत.

अन् आपल्या तालमीची जुनी रीत होती. गुंडा उचलणाऱ्यानं खुराकातली पहिली वाटी गुंड्यावर ओतायची, मग आपण प्यायचं. सुकाळातली रीत. दुष्काळात ती मोडावी, एवढी अक्कल कुणालाच आली न्हाई. मलाबी न्हाई, अन् त्याची मला आजबी लाज वाटते.

माणिकप्पाची लेक जगदेवी, तीन वर्षांची. बापाच्या मागं मागं तालमीच्या दारापर्यंत यायची अन् दगडावरून ओघळणारं दूध बघत उभी राहायची. "अप्पा, मला बी," म्हणायची. तो म्हणायचा, गावाचं हाय बाई हे, आपलं न्हाई. चैतात ती गेली. ताप आला म्हणाले, पण त्या लेकराच्या अंगात ताप सोसायला काही उरलंच नव्हतं. त्याच महिन्यातल्या जत्रेत माणिकप्पानं गुंडा खांद्यावर घेतला, अन् आम्ही गुलाल उधळला. त्या दिवसापासून त्याची बायको दानम्मा त्याच्याशी बोलायची बंद झाली. भाकर वाढायची, पाणी द्यायची. बोलायची न्हाई.

तर ती रात्र. पुढचं त्यानं मला एकदाच सांगितलं, तेबी लई वर्षांनी.

साडेअकराला तो दुधाची वाटी घेऊन तालमीत आला. एकटाच. कंदील ठेवला, माती कपाळाला लावली, रीतीप्रमाणं गुंड्यावर दूध ओतलं. सकाळच्या आधी एकदा उचलून बघावा म्हणून वाकला.

गुंडा हलला न्हाई.

पुन्हा जोर लावला. न्हाई. वर कुणी बसलंय, असा जड. त्यानं कंदील जवळ आणला. वर कुणी नव्हतं. पण गुंडा कोरडा होता… आत्ता ओतलेल्या दुधाचा थेंब न्हाई. वर न्हाई, खाली मातीत न्हाई.

मग मागून…

"अप्पा…"

तो वळला न्हाई. मला म्हणाला, "वळलो अन् ती दिसलीच न्हाई तर… त्याचं भ्याव वाटलं."

समोर बघतच त्यानं विचारलं, "काय पायजे, बाई?"

नुसता कंदिलाचा आवाज.

मग तो खाली बसला. लेकराला पाठकुळी घ्यायला बाप बसतो, तसा.

अन् पाठीवर वजन आलं…

तालमीपासून त्याचं घर दोनशे पावलं. तीन मण उचलणारा गडी. वाटेत तीनदा गुडघ्यावर आला. मानेवर गार श्वास. एकबी कुत्रं भुंकलं न्हाई. दारात पोचला, तर कडी वाजवायला हात उचलेना.

दार आतून उघडलं. दानम्मा. हातात रॉकेलची चिमणी. नवऱ्याच्या तोंडाकडं तिनं बघितलंच न्हाई. त्याच्या खांद्याच्या वर बघत राहिली…

अन् नऊ वर्षांनी बोलली.

"आत घ्या तिला. मी दूध तापविते."

पहाटे ट्रक आला. बोलवायला मीच गेलो. माणिकप्पा उंबऱ्यावर बसला होता, म्हणाला, मी येत न्हाई. नव्या जिल्ह्यात गावाचं नाव बुडवलं म्हणून सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या, मीबी घातल्या. ट्रक रिकामा गेला. माणिकप्पा परत तालमीत आला न्हाई. अर्धा जन्म लंगोटावर काढलेला माणूस, पण त्यानंतर चारचौघांत त्यानं अंगातला सदरा कधी काढला न्हाई.

शहाण्णव साली तो गेला. आमच्या लिंगायत रीतीनं समाधीत बसवून पुरायच्या आधी आंघोळ मीच घातली. सदरा मी उतरवला, पाणी ओतलं, पाठ चोळली.

दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर एकेक निळी खूण होती. आदल्या दिवशी उमटावी, तशी ताजी. पाठकुळी बसलेलं लेकरू टाचा रुतवतं ना… बरोबर तिथं.

मी अंगठा लावून बघितला. तीन वर्षांच्या लेकराची टाच, तेवढीच होती.