विहिरीच्या दाव्याचा निकाल

धुरपदाबाईंच्या अंगठ्याला शाई लागली होती. खरेदीखतावर तो टेकवायचा तेवढा बाकी होता.

“थांबा!” शेजारचे मार्तंडराव, मुन्सफ कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, धापा टाकत आत आले. “विहिरीचं शेत का विकताय?”

“दावा हरले, अण्णा. टपालानं निकाल आलाय. रेवणप्पांनी वाचून दाखवला. पुतण्या म्हनतो, कोर्टाच्या खर्चापायी जप्ती यायच्या आत शेत देऊन टाक.”

लोहाऱ्यातली १९५८ सालची ती दुपार भट्टीसारखी तापली होती. मार्तंडरावांनी निकालाचा कागद वाचला. मुद्दा : विहीर वादी धुरपदाबाईंची आहे काय? निर्णय : नाही. दावा फेटाळला. खाली तारीख, सही, शिक्का. बस्स.

“हा निकाल खोटा आहे,” ते म्हणाले. “आणि लिहिणारा फार लांबचा नाही.”

खोलीत आणखी तिघं होते. शेत घेणारा पुतण्या बलभीम, खत लिहिणारे वकिलाचे कारकून वसंतराव आणि साक्षीला आलेले दुकानदार रेवणप्पा. तिघांचीही तोंडं उतरली.

“बलभीम, कोर्टाचा निकाल कधी वाचलास?”

“आमी अंगठेवाले, साहेब. म्या काय वाचनार?”

“वसंतराव, तुम्ही हा पाहिलात?”

“नाही. मला फक्त खत लिहायला बोलावलं. आमचे वकील जमिनीचेच दावे घेतात. त्यांच्या निकालांच्या नकला करून बोटं दुखून येतात माझी.”

“रेवणप्पा?”

“आपण उधारीचे लई दावे जिंकलोत की!” रेवणप्पा ऐटीत म्हणाले. “निकाल जपून ठेवलेत घरी.”

झालं! मार्तंडरावांनी कागद त्यांच्याच नाकासमोर धरला.

“जमिनीच्या निकालात आधी दाव्याची हकिकत येते. मग मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावर निर्णय आणि त्या निर्णयाची कारणं. यात हकिकत नाही, कारणंही नाहीत. वसंतरावांनी खोटा लिहिला असता तरी सवयीनं कारणं घातली असती. उधारीसारख्या लहान दाव्यांत मात्र मुद्दा आणि निर्णय एवढ्यावर भागतं. तुम्ही तेवढेच निकाल पाहिलेत, रेवणप्पा, आणि तोच नमुना उतरवलात. आणा ते घरचे निकाल. शेजारी ठेवून बघू.”

रेवणप्पा दाराकडे सरकले.

“आता बोला की!” बलभीम त्यांच्यावर ओरडला. “अर्दं शेत तुमाला, अर्दं मला, म्हनला व्हता न्हवं?”

वसंतराव पोलिसांना बोलवायला निघाले. धुरपदाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. सख्ख्या पुतण्याचं हे ऐकून त्यांना रडू आवरेना.

“अण्णा,” त्यांनी कसंबसं विचारलं, “खरा निकाल अजून यायचाय, त्योबी माज्या इरुद्ध लागला तर?”

“लागू शकतो. पण का लागला, ते न्यायाधीशांना लिहावं लागेल. त्यात चूक दिसली, तर आपण वरच्या कोर्टात जाऊ.”